खुरप्याखालचे पांढरे फूल : तुंबा



पावसाळा निम्मा सरला की शिवारात भांगलण सुरू होते. कुठे या कामाला खुरपणी म्हणतात, विदर्भात निंदण म्हणतात. नाव कोणतेही असो, ओळीने बसलेल्या आपल्या आयाबहिणींच्या खुरप्याखाली जो पालापाचोळा जातो, त्यात एक पांढऱ्या फुलांचे रोप हमखास असते. आई ते उपटून बांधावर टाकी आणि पोरे तेच उचलून त्याची फुले एकेक करून उपसत. फुलाच्या नळीचे टोक ओठांत धरून चोखले की गोड थेंब जिभेवर येई. खेड्यात वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना हा खाऊ आठवत असेल. ना दाम, ना दुकान!

या रोपाचे नाव तुंबा. कुणी कुंभा म्हणतात, कुणी गुमा म्हणतात. आपण त्याला तण म्हणून ओळखतो आणि तण म्हटले की त्याची अधिक चौकशी करायची नाही, अशी आपली रीत आहे. आज आम्ही ही चौकशी करणार आहोत. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बांधावरचे एक फूल, आपली दोन बोटे आणि पाहण्याची तयारी एवढे पुरे. जमल्यास मुलांच्या कंपासपेटीतले भिंग घ्यावे.

प्रथम देठ पाहा

तुंब्याचे देठ दोन बोटांत धरून फिरवा. ते गोल फिरत नाही, बोटांना कडा लागतात. देठ चौकोनी आहे. आता पाने पाहा. एका पेरावर दोन पाने समोरासमोर येतात. त्याच्या वरच्या पेरावरची जोडी खालच्या जोडीला आडवी असते, म्हणजे खालची पूर्व-पश्चिम असेल तर वरची दक्षिण-उत्तर. अशा मांडणीमुळे वरच्या पानाची सावली थेट खालच्या पानावर पडत नाही आणि ऊन सर्वांना मिळते.

चौकोनी देठ आणि आडव्या-उभ्या जोड्यांची पाने ही एका मोठ्या कुलाची खूण आहे. तुळस, सब्जा, पुदिना, मरवा, ओव्याच्या वासाचे ते जाड पान, ही सारी त्याच कुलातली. या कुलात सुमारे ७,००० जाती आहेत. गेल्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा आपला साग आणि आपली निर्गुडीही याच कुलात आणून ठेवली. सागाची कोवळी फांदी हातात घ्या, तीही चौकोनी लागेल. बांधावरचे वीतभर तण आणि जंगलातला साग हे भाऊबंद आहेत, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. परंतु देठ खोटे बोलत नाही.

फुलाचे दोन ओठ

या कुलाचे जुने लॅटिन नाव ‘ओठवाले’ अशा अर्थाचे आहे, कारण त्यातील बहुतेक फुलांना दोन ओठ असतात. तुंब्याची फुले पेरापेराशी देठाभोवती गोल झुबक्याने येतात. एक फूल अलगद उपसा. खाली बारीक नळी आहे. तिच्या तळाशी मध आहे, जो आपण लहानपणी चोखला. नळीच्या वर दोन ओठ आहेत. वरचा ओठ टोपीसारखा आहे आणि त्यावर पांढरी दाट लव आहे, जणू कानटोपीच! खालचा ओठ मोठा आणि पसरट असून त्याचे तीन भाग आहेत. मधला भाग सर्वांत रुंद. मधमाशी येते ती याच ओसरीवर उतरते.

आता टोपी हळूच उचला. आत चार पुंकेसर दडलेले दिसतील, दोन लांब आणि दोन आखूड. त्यांची टोके नारिंगी असतात. माशी ओसरीवर उतरून मधासाठी डोके नळीत घालते, तेव्हा तिची पाठ या टोकांना घासते आणि पराग पाठीवर बसतो. ती पुढच्या फुलात गेली की तो पराग तेथील कुक्षीला लागतो. पावसात पराग भिजू नये म्हणून टोपी आणि माशीला उभे राहता यावे म्हणून ओसरी! पावसाळ्यात फुलणाऱ्या झाडाची ही सोय किती नेटकी आहे, हे पाहण्याजोगे आहे.

घरी कुंडीत सब्जा किंवा तुळस असेल तर तिचे एक फूल शेजारी ठेवून पाहा. तेथे उलटा प्रकार आहे. पुंकेसर वरच्या ओठाखाली नसून खालच्या ओठावर आडवे पडलेले असतात. त्यामुळे तुळशीकडे आलेल्या माशीच्या पोटाला पराग लागतो, तर तुंब्याकडे आलेल्या माशीच्या पाठीला. एकाच कुलातल्या दोन झाडांनी एकच काम दोन वेगळ्या रीतींनी साधले आहे.

तुंब्याची आणखी एक खास खूण आहे. कुक्षीवृंताचे टोक दुभंगलेले असते, पण दोन्ही फाटे सारखे नसतात. खालचा फाटा लांब आणि वरचा इतका आखूड की भिंगाशिवाय दिसू नये. ही खूण शास्त्रज्ञ तुंब्याची प्रजाती ओळखताना आवर्जून पाहतात.

चार दाण्यांचा पेला

पांढरे फूल एक-दोन दिवसांत गळते. मागे उरतो तो हिरवा पेला, म्हणजे निदलपुंज. त्याच्या काठावर बारीक दाते असतात. ते मोजायला मुलांना सांगा. या कुलातील पुष्कळ झाडांत पाच दाते असतात. तुंब्यात बहुधा आठ ते दहा भरतात. पेला चिरून पाहिला तर तळाशी चार दाणे मिळतील, कमीही नाहीत आणि जास्तही नाहीत. एखादा फुसका निघेल एवढेच. फुलाचे अंडाशय चार भागांचे असते आणि एकेका भागात एकेक बी तयार होते. तुळशीच्या मंजिरीतही अशाच चार दाण्यांचा संच असतो.

दिवाळीनंतर रोप वाळते, पेले मात्र काडीला धरून राहतात. वाऱ्याने वा गुरांच्या पायाने काडी हलली की दाणे जमिनीवर सांडतात आणि पुढच्या पावसाची वाट पाहतात. एका झुबक्यात कितीतरी पेले, एका रोपाला कितीतरी झुबके. खुरपणाऱ्या बायका म्हणतात, ‘हे मेलं कितीही उपटा, पुन्हा येतंच.’ त्याचे कारण या पेल्यांत आहे.

नाव, जाती आणि एक खुलासा

लोकांची नावे गोड असतात, पण त्यांत घोळही होतो. वाळल्या भोपळ्याचा तुंबा वेगळा. कुंभा नावाचा तर जंगलात चांगला मोठा वृक्ष आहे, त्याचा या रोपाशी संबंध नाही. म्हणून शास्त्राला सर्व जगात चालेल असे एकच नाव लागते. तुंब्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ल्यूकस. ग्रीक भाषेत ‘ल्यूकोस’ म्हणजे पांढरा. हे नाव १८१० साली रॉबर्ट ब्राऊन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. तो ऑस्ट्रेलियाच्या सफरीवर गेला होता आणि तेथील वनस्पतींच्या ग्रंथात त्याने ही प्रजाती मांडली, कारण तुंब्याचे भाऊबंद तेथेही आहेत. त्यापूर्वीचे अभ्यासक आपल्या तुंब्याला ‘फ्लोमिस’ या दुसऱ्याच प्रजातीत घालत असत. ब्राऊनने तो वेगळा काढला.

जगात ल्यूकसच्या सुमारे शंभर जाती असून त्या आफ्रिका, अरबस्तान, आशिया आणि ऑस्ट्रेलियात पसरल्या आहेत. भारतात त्यांतील चाळीसच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतील पुष्कळ दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात. शिवारात जो हमेशा भेटतो, तो ल्यूकस अस्पेरा. अस्पेरा म्हणजे खरखरीत. त्याच्या अरुंद पानांवरून बोट फिरवले की नाव पटते. दुसरा ल्यूकस सेफालोटेस, म्हणजे डोकेवाला. त्याचा फुलांचा झुबका चांगला चेंडूएवढा आणि बहुधा शेंड्यावर असतो. तिसरा ल्यूकस बायफ्लोरा, नाजूक आणि पसरणारा. त्याच्या पानाच्या बगलेत झुबका नसतो, जोडीने दोनच फुले येतात. सह्याद्रीत मिळणाऱ्या ल्यूकस स्टेलिजेराच्या पेल्याचे दाते चांदणीसारखे पसरतात, म्हणून त्याचे नाव चांदणीधारी. म्हणजे शास्त्रीय नावाला घाबरण्याचे कारण नाही. डोळ्यांनी जे दिसले तेच त्यात लिहिलेले असते.

येथे एक खुलासा करणे आम्हांस जरूर वाटते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ‘जाती’ हा शब्द पदोपदी येतो. तेथे जाती म्हणजे आपसांत संकर होऊन ज्यांचा वंश चालतो, ज्यांची रचना पाहून, मोजून, ताडून ठरवता येते असा सजीवांचा गट. हा अर्थ माणसाला लावला तर पृथ्वीवरील सारी माणसे मिळून एकच जाती होते, दुसरी निघत नाही. गावाने गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाची ‘जात’ ना देठात दिसते, ना फुलात, ना दाण्यात. मुलाने पाठ्यपुस्तकात हा शब्द वाचला आणि प्रश्न विचारला, तर पालकांनी हा फरक त्याला नीट समजावून सांगावा. शब्द एक असला तरी एकामागे पुरावा आहे, दुसऱ्यामागे फक्त रूढी आहे.

शास्त्राचे वर्गीकरण नव्या पुराव्यापुढे वाकते, हेही येथे सांगितले पाहिजे. गावाच्या वेशीवर, उकिरड्याकडेला दीपमाळ नावाचे उंच झाड असते. काट्यांचे गोल चेंडू एकावर एक आणि त्यांतून डोकावणारी नारिंगी फुले. त्या लांब नळ्यांतला मध प्यायला शिंजीर पक्षी येतो. हीदेखील तुंब्याच्या जवळच्या नात्यातली. शीन आणि अल्बर्ट या अभ्यासकांनी २००९ साली डीएनए तपासून दाखवले की आजवर ल्यूकस म्हणून धरलेल्या आफ्रिकेतील जाती आशियातील तुंब्यांपेक्षा दीपमाळेच्या गोतावळ्याला अधिक जवळच्या आहेत. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी बांधलेली चौकट उद्या बदलावी लागेल. शास्त्रज्ञ त्याचा राग मानत नाहीत. चूक सापडली तर दुरुस्त करणे हाच त्यांचा धर्म!

हे ज्ञान कोणाचे?

‘तुंबा’ हा शब्द केवळ आपला नाही. कानडीत तुंबे, तमिळमध्ये तुंबै, तेलुगूत तुम्मी, मल्याळममध्ये तुंबाच. तमिळ माणूस शुभ्र धोतराला तुंबैच्या फुलाची उपमा देतो. जुन्या तमिळ काव्यपरंपरेत समोरासमोरच्या युद्धाला याच फुलाचे नाव आहे, कारण योद्धे त्याची माळ घालीत. केरळात ओणमच्या फुलांच्या रांगोळीत तुंब्याला मान आहे. तिरुअनंतपुरमजवळच्या तुंबा या कोळ्यांच्या गावाचे नाव या फुलावरून पडले असे सांगतात. त्याच गावातून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारताच्या भूमीवरून पहिले अग्निबाण आकाशात गेले.

केरळातलाच आणखी एक इतिहास आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावा. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा १२ खंडांचा सचित्र लॅटिन ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. तुंबाही त्यात आहे. पुढे लिनियसने भारतातील वनस्पतींना नावे देताना या ग्रंथाचा आधार घेतला. पण ग्रंथातली माहिती आली कोठून? तीन कोकणी ब्राह्मण पंडितांनी साहाय्य केले. त्यांच्याबरोबर इट्टी अच्युदन नावाचा वैद्य होता. तो एझवा समाजातला, म्हणजे ज्यांना वर्णव्यवस्थेने बाहेर ठेवले त्यांतला. त्याच्या घराण्यातील ताडपत्रे आणि त्याचा स्वतःचा अनुभव या ग्रंथाच्या पायाशी आहे. त्याची लेखी साक्ष पहिल्या खंडात छापलेली आहे. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्याचे झाडपाल्याचे ज्ञान युरोपच्या विद्यापीठांत पोहोचले. डॉ. के. एस. मणिलाल यांनी अनेक वर्षे खपून केलेला इंग्रजी अनुवाद केरळ विद्यापीठाने २००३ साली काढला, तेव्हा हा सारा इतिहास पुन्हा उजेडात आला.

इट्टी अच्युदनचे नाव छापले गेले. आपल्याकडे खुरपे धरणाऱ्या हातांचे नाव कोणी छापले नाही. कोणते रोप मुळासकट निघते, कोणते तुटून पुन्हा फुटते, कोणते शेळी खाते, कोणाची कोवळी पाने भाजीला चालतात, हे त्या बायकांना पक्के ठाऊक असते. आसाम, झारखंडकडे तुंब्याचा पाला आजही भाजी म्हणून खातात. संध्याकाळी डासांसाठी वाळल्या तुंब्याची धुरी करणारी घरे आपल्याकडेही होती. हे ज्ञान आता दुहेरी संकटात आहे. बांधापर्यंत तणनाशकाची फवारणी होते, तेथे तुंबा जातो, त्यावर जगणारी माशी जाते आणि त्याच फवाऱ्याने भांगलणीची मजुरीही जाते. रोप आणि त्याला ओळखणारी बाई, दोघीही शिवारातून एकदम बाहेर पडतात.

सर्पदंश : येथे चूक नको

लोकांच्या ज्ञानाचा आम्ही एवढा गौरव केला, म्हणूनच एक गोष्ट कठोरपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. साप चावला की तुंब्याचा रस पाजावा, नाकात घालावा, जखमेवर चोळावा, असे पुष्कळ ठिकाणी मानतात. बंधु-भगिनींनो, या उपायावर विसंबू नका! नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर सिद्ध झालेले औषध एकच, ते म्हणजे दवाखान्यात मिळणारी सर्पविषरोधक लस. तुंब्याचा रस देण्यात गेलेला अर्धा तास हा त्या लसीचा अर्धा तास असतो.

विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी पुरेसे विष अंगात जात नाही, आणि चावलेले कितीतरी साप बिनविषारी असतात. अशा वेळी माणूस आपोआप वाचतो आणि श्रेय झाडाला किंवा मांत्रिकाला मिळते. जो दगावतो त्याची गणती कोणी करत नाही. ती गणती २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने केली. २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे आपल्या भांगलणीच्या दिवसांतले, आणि बहुतेक खेड्यांतले. शेतात अनवाणी राबणारे आणि जमिनीवर अंथरूण टाकणारे लोक कोण, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

म्हणून ध्यानात ठेवा. जखम कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. चावलेला हात वा पाय हलू देऊ नये. माणसाला धीर द्यावा, चालवू नये, आणि १०८ ला फोन करून वा मिळेल त्या वाहनाने लस असलेल्या दवाखान्यात तडक न्यावे. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून रात्री झोपेत काही चावल्याची शंका आली आणि पापण्या जड झाल्या, तर सकाळची वाट पाहू नये.

एवढे करा

तुंब्याला आम्ही देव करत नाही आणि औषधांचा राजाही करत नाही. पिकात वाढला तर तो उपटावाच लागेल, पीक महत्त्वाचे आहे. पण बांधावर, पडीक तुकड्यावर, शाळेच्या कुंपणाशी थोडा राहू द्यावा. माशांना पावसाळ्यात मध मिळेल आणि मुलांना फुकटची प्रयोगशाळा.

येत्या रविवारी मुलामुलींना घेऊन बाहेर पडा. चौकोनी देठ, आडव्या जोड्यांची पाने, दोन ओठांचे फूल, चार दाण्यांचा पेला, या चार खुणा त्यांना स्वतः शोधू द्या. आपण सांगू नका, विचारा. दाते किती? पुंकेसर कोठे? माशीच्या पाठीला लागले की पोटाला? बरोबर घरातल्या एखाद्या आजीलाही न्या. जिने आयुष्यभर हे रोप उपटले, तिला त्याविषयी काय काय ठाऊक आहे ते विचारा आणि वहीत तिच्या नावानिशी लिहून ठेवा. त्यातले जे तपासता येईल ते तपासा. खरे निघेल ते जपा, खोटे निघेल ते सोडून द्या.

आणि हो, जेथे फवारणी झालेली नाही अशी खात्री असेल, तेथले एखादे फूल उपसून चोखायलाही हरकत नाही. गोडी अजून तीच आहे.